आधी तळ बघा

काकांनी केबिनच्या जमिनीतली फळी उचलली, खाली साचलेल्या वाटीभर पाण्यात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. मग ताईला म्हणाले, "गोडं आहे. तुम्ही पण चाखून बघा."

ताईनं चाखलं. मग मीही चाखलं. डिझेलचा किंचित वास होता, पण मीठ अजिबात नव्हतं.

"खारं लागलं तर समुद्र आत येतोय. गोडं लागलं तर एक तर वरून पाऊस गळतोय, नाहीतर पाण्याची टाकी गळतेय. आता जानेवारी आहे, पाऊस नाही. म्हणजे माझी टाकीच गळते. जोड सापडलाय मला. पण नीट करून ठेवला असता तर तो गळत होता हे तुम्हाला कधी कळलंच नसतं. म्हणून तसाच ठेवला."

गोव्याला मी बऱ्याचदा गेलो आहे. ह्या वेळच्या चार दिवसांतलं मला खरं आठवतं ते एवढंच: रेइश मागूशच्या किल्ल्याखाली, मांडवीत नांगरलेली बत्तीस फुटी शिडाची बोट, आणि विकणारा माणूस विकत घेणाऱ्याला स्वतःच्या वस्तूतलं एकेक व्यंग दाखवतो आहे.

बोट ताईला घ्यायची आहे. १० सप्टेंबर २०१७ला नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' ही शिडाची बोट घेऊन गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ला परत आल्या. ते सगळे महिने ताई रोज सकाळी चहा घेताना त्या कुठं पोचल्या ते बघायची. त्यानंतर तिनं मुंबईच्या बंदरात शीड चालवायला शिकायला सुरुवात केली. पुण्याहून दर शनिवारी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. आता तिला स्वतःची बोट हवी आहे. शर्यतीची नको, राहता येईल अशी हवी. गोव्याहून निघावं, मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी असं थांबत थांबत वर जावं, रात्री खाडीत नांगर टाकून झोपावं.

पहिली बोट आम्ही आदल्या दिवशी शापोरा नदीत बघितली. तिचा दलाल फोनवर फार गोड बोलला होता. बोट चकाचक, तळाच्या खोबणीतसुद्धा ताजा पांढरा रंग. ताईनं इंजिनावर हात ठेवला तर ते कोमट लागलं. जुनं डिझेल इंजिन विकत घेताना ते गार असताना सुरू करून बघायचं असतं. पहिल्या झटक्यात घेतंय का, धूर कसला येतोय, ते तेव्हाच कळतं. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे तेल जळतंय, पांढरा जातच नसेल तर आत पाणी शिरत असावं. आधीच चालवून ठेवलेलं इंजिन यातलं काही सांगत नाही. ताईनं विचारलं तर दलाल म्हणाला, "मॅडम, इंजिन काय बघताय, वीस माणसं आरामात बसतात. म्युझिक सिस्टीम नवीन आहे." शिडं बघायची म्हटलं तर ती पिशवीतून बाहेर काढायलाही तो तयार नव्हता.

मला त्या माणसाचा राग आला, अजूनही आहे. शिडाच्या बोटीत वीस माणसं कोंबून कर्कश गाणी लावायची, आणि हेच गोव्याचं समुद्रपर्यटन म्हणून विकायचं! संध्याकाळी मांडवीवर तसल्या बोटींची रांग लागते आणि नदीचा आवाज कुणाच्या कानावरच पडत नाही.

काका तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी केलेले. तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेली. बोट मूळची युरोपात बांधलेली, फायबरग्लासची. एका परदेशी जोडप्याकडून त्यांनी ती घेतली. कस्टम्सची पावती, नोंदणी, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावून ठेवलेलं. अशा बोटीचं शुल्क भरलेलं नसेल तर पुढं फार त्रास होतो, म्हणून ती फाइल त्यांनी आम्ही पाय ठेवायच्या आधी पुढं केली. विकायचं कारणही एका वाक्यात सांगितलं: "गुडघे गेले. डोलकाठीवर चढता येत नाही. दुसऱ्याला चढवून बोट चालवण्यात अर्थ नाही."

डेकवर खडूची वर्तुळं होती. मला वाटलं मुलांनी काढली असतील. ताई स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं डेकवर ठोकत निघाली. टणटण, टणटण, आणि वर्तुळात पोचली की भद्. अशा डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये हलकं लाकूड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं, वरून काही दिसत नाही. काकांनी आदल्या दिवशी गुडघ्यांवर रांगत सगळं डेक ठोकून कुजलेल्या जागा खडूनं आखून ठेवल्या होत्या. पाच होत्या. ताईला सहावी सापडली नाही. ती उठली, खडूचे हात पुसले आणि काही वेळ काहीच बोलली नाही.

इंजिन गार होतं. "काल दुपारपासून हात लावलेला नाही," काका म्हणाले. दुसऱ्या झटक्याला सुरू झालं, थोडा पांढरा धूर आला आणि दोन मिनिटांत गेला. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा चौदा वर्षांच्या. दहा-बारा वर्षांनी त्या बदलायच्या असतात, तेव्हा तो खर्च किमतीतून वजा करा, हेही तेच म्हणाले. नांगर सोळा किलोचा, साखळी पन्नास मीटर. शेगडी झुल्यावर बसवलेली, म्हणजे बोट कलली तरी चहाचं भांडं सरळ राहतं. मागच्या बाजूला वाऱ्यावर चालणारं सुकाणू आहे. त्याला वीज लागत नाही. वाऱ्याशी एकदा कोन लावून दिला की ते तो कोन धरून ठेवतं. एकट्या माणसाला जेवायला, डुलकी घ्यायला मोकळीक मिळते.

मला सगळ्यात आवडली ती काकांची वही. रोजची नोंद, मराठीत, पेन्सिलीनं. "पहाटे मतलईवर निघालो." "दुपारी खारे वारे उशिरा." "भांगाची भरती, ओढ कमी." हे शब्द मी शाळेत भूगोलाच्या पेपरात लिहिले होते, मतलई वारे आणि खारे वारे, दोन गुणांचा फरक स्पष्ट करा. ते कुणी रोजच्या वापरात लिहितं हे मी पहिल्यांदा बघितलं. मी वही अर्धा तास वाचत बसलो.

दुपारी खारे वारे सुरू झाले तसे आम्ही शीड उभारून आग्वादच्या किल्ल्याच्या दिशेला गेलो. बोट कलली आणि माझ्या पोटात गोळा आला, पण ती एका मापापुढं कलत नव्हती. तळाचं जड शिसं तिला सावरत होतं. वेग पाच नॉट, तासाला सव्वानऊ किलोमीटर. ह्या वेगानं पहाटे निघालं तर मालवण दिवसाउजेडी गाठता येतं. काकांनी किल्ल्याकडे बोट दाखवलं. "१६१२ चा. पोर्तुगीजमध्ये आग्वा म्हणजे पाणी. लांबून आलेली जहाजं इथं गोडं पाणी भरायला थांबत. आणि माझी टाकी त्याच्याच दारात गळतेय!" असं म्हणून ते हसले. पावसाळ्यात नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, तेव्हा बाहेर पडायचा विचारही करायचा नाही, हे त्यांनी ताईकडून दोनदा वदवून घेतलं.

घरी काकूंनी हुमण, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी वाढली. पानं वाढून झाल्यावरच किमतीचं बोलणं निघालं. त्यांनी आकडा सांगितला आणि तारांचा, डेकचा, टाकीचा खर्च स्वतःच एका कागदावर वजा करत गेले. ताईनं पर्स उघडून विसाराचे पैसे काढले, तर काका हात मागं घेऊन म्हणाले, "नको. पाण्याखालचं तुम्ही कुठं बघितलंय? आधी बोट वर ओढू, तळ बघा, तपासायला तुमचा माणूस आणा, मग बोला."

पुढचा दिवस मांडवीतल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर गेला. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे शिडाच्या ज्या छप्पन्न फुटी 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा करून आले, ती ह्याच बेटावर बांधलेली. ताईला तो काठ बघायचा होता.

निघताना काकूंनी डबा दिला. ताईनं कोकणीत आभार मानले, "देव बरें करूं." काका भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन दारात उभे होते. बोट वर ओढायला पाणी भरपूर लागतं, म्हणून येत्या पौर्णिमेचं उधाण त्यांनी पेन्सिलीनं अधोरेखित केलं. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या ताईनं त्या तारखेची रजा टाकली.