रिकाम्या कोपऱ्यासाठी खेळाडू

महाविद्यालयाच्या कबड्डी संघासाठी खेळाडू शोधण्याचे काम जूनमध्ये, प्रवेशाच्या धांदलीत सुरू केले तर हाती फारसे काही लागत नाही. म्हणून मी दिवाळीनंतरच गावोगावच्या स्पर्धांना वही घेऊन जातो. त्याआधी आमच्या 12 जणांपैकी पदवी पूर्ण करून कोण जाणार आणि मैदानातल्या 7 जागांपैकी कोणती रिकामी पडणार, याचा हिशेब मांडतो. यंदा डावा कोपरारक्षक, म्हणजे बचावाच्या साखळीत डाव्या टोकाला उभा राहणारा खेळाडू, जातो आहे. चढाईपटू सहज नजरेत भरतात, कारण टाळ्या त्यांनाच मिळतात, पण चांगला कोपरारक्षक हेरायला धीर लागतो. परवा एका मुलाची घोटापकड हुकली. तो मातीतून उठला आणि गुडघा झटकण्याआधी त्याने शेजाऱ्याचा हात पुन्हा धरून साखळी सांधली. वहीत मी त्याच्याच नावाखाली रेघ ओढली.

त्यानंतर त्याच्या घरी जायचे. वसतिगृह, जेवण आणि सामन्यांच्या दिवसांत बुडणारे तास यांविषयी आईवडिलांशी स्पष्ट बोलतो; शुल्कमाफीचा शब्द मात्र लेखी मंजुरी हाती असल्याशिवाय देत नाही, कारण तो मोडला तर मुलाचे शिक्षणच अडते. बारावीच्या परीक्षेपर्यंत त्याला सरावाला बोलावणार नाही, हेही त्यांना सांगून ठेवले आहे.