मागचा 'खाड्' सापडला: कॉइल बाइंडच, पण एकाच कडेला

मंडळी, गाडी खाली बसवणारं स्प्रिंगांचं किट घातल्यापासून मागून येणारा तो 'खाड्' आवाज अखेर सापडला. सुटलेला नाही, नुसता सापडलाय. शॉकअपचा बुश नाही, टॉप माउंट नाही, एक्झॉस्टचा हँगर तर नाहीच नाही. कॉइल बाइंडच आहे, म्हणजे स्प्रिंग इतकी दबते की तिचे वेढे एकमेकांवर टेकतात. "आकडे नीट आहेत, मग बाइंड होईलच कसा" असं ज्यांनी विचारलं होतं त्यांचंही चुकलेलं नाही, कारण मोजमापांचे आकडे खरोखरच नीट आहेत. भानगड वेगळीच निघाली.

आधी पुढच्या चाकांचं उरकतो, कारण तिथे सगळं सुरळीत आहे. नव्या स्प्रिंगा स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी) चढल्या, गाडी सांगितली तेवढीच, ३० मिमी खाली बसली. पिस्टन रॉडवर बांधलेला झिप टाय खराब रस्त्यावरून फिरवून आणल्यावरही बंप स्टॉपमध्ये, म्हणजे चाकाची वरची चाल थांबवणाऱ्या ठोकळ्यात, जेमतेम शिरलाय. चाक हवेत लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने फिरवून बघितली, तसूभर हलत नाही. ज्यांनी आखूड स्प्रिंग बसवून पूर्ण ड्रूपला (चाक पूर्ण खाली लोंबताना) ती आपल्या सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या बैठकीत, खुळखुळताना पाहिली आहे त्यांना यातलं सुख कळेल. एक मात्र सांगतोच: दोन सुट्या हुकांचे ते कंप्रेसर या स्प्रिंगांवर वापरू नका. वेढे कमी, हुकांना पकडायला जागा नाही, आणि तणावाखालची स्प्रिंग सुटली तर हात जाईल. पूर्ण वेढा धरणारा, प्लेटचा कंप्रेसर कुणाकडून तरी मागून आणा.

आता मागची बाजू. टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा तुळईसारखा भाग), स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दबत जाईल तशी कडक होणारी, तार ११.५ मिमी, वेढ्यांचा सरासरी व्यास ११०, एकूण वेढे ८. टोकं बंद आहेत (शेवटचा वेढा शेजारच्याला टेकलेला) पण घासून सपाट केलेली नाहीत, आणि इथेच बरेच जण सॉलिड हाइट (सगळे वेढे टेकल्यावरची स्प्रिंगची उंची) कमी धरतात. टोकं घासलेली असतील तर एकूण वेढे गुणिले तार. न घासलेल्या टोकांना वेढ्यांत एक मिळवायचा. म्हणजे ८ × ११.५ = ९२ नव्हे, ९ × ११.५ = १०३.५ मिमी. साडेअकरा मिलिमीटर असेच हवेत जातात. पिगटेल (निमुळत्या) टोकाच्या किंवा पिंपासारख्या फुगीर स्प्रिंगचे वेढे एकमेकांच्या पोटात शिरतात, त्यांना हा हिशेब लागू नाही. माझी सरळ नळकांडी आहे.

स्प्रिंग काढून, चाक जॅकने वर घेऊन, बंप स्टॉप दबेपर्यंत उचललं आणि सीट ते सीट मोजलं: ११३ मिमी. म्हणजे साडेनऊ मिमी शिल्लक. ऐसपैस नाही, पण बाइंड नाही. इथे बरेच महिने गाडी अडली होती, कारण मोजमाप कितीही वेळा घ्या, तेच येत होतं आणि आवाजही तसाच येत होता.

वेढे कुठे टेकतात याचा उडालेल्या रंगावरून अंदाज घ्यायला गेलं तर प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग फसवते. तिचे जवळजवळचे वेढे गाडी जमिनीवर ठेवली की मिटतातच, ते मिटावेत म्हणूनच तसे गुंडाळलेले असतात. चालते, म्हणजे अजून न टेकलेले, वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. त्यामुळे तिथला उडालेला रंग म्हणजे पुरावा नव्हे. पण परवा दिवा धरून वरच्या, लांब-लांबच्या वेढ्यांमध्ये बघितलं, तर तिथेही रंग गेलेला. आणि फक्त मागच्या बंपरकडच्या कडेला. गाडीच्या नाकाकडची कडा नवी कोरी, कारखान्यातून निघाली तशी.

मग मुलांची मॉडेलिंग क्ले आणली. छोटे गोळे करून, लोखंडाला चिकटू नयेत म्हणून टाल्कम पावडरमध्ये घोळवून, वरच्या प्रत्येक फटीत दोन-दोन बसवले: एक नाकाकडे, एक बंपरकडे. मागच्या सीटवर माणसं, डिकीत वाळूच्या पिशव्या, आणि हमखास आवाज देणाऱ्या उंचवट्यावरून गाडी नेली. स्प्रिंग बाहेर काढली तेव्हा नाकाकडचे गोळे साधारण साडेचार मिमी जाडीचे, गुबगुबीत. बंपरकडचे पापडासारखे, मधोमध तर क्ले उरलेलीच नाही, वरच्या-खालच्या तारेचं लोखंड एकमेकांना लागल्याची लकेर चकाकत होती.

कारण बीमच्या हालचालीत आहे. बीम पुढच्या बुशांभोवती बिजागरीसारखा फिरतो, म्हणजे खालची सीट सरळ वर जात नाही, कमानीत जाते. बिजागरीपासून लांबची कडा जास्त वर येते, जवळची कमी. माझ्या गाडीत बुशापासून स्प्रिंगचं अंतर साधारण ३५० मिमी. नेहमीच्या उंचीपासून पूर्ण बंपपर्यंत, म्हणजे चाक पूर्ण वर जाईपर्यंत, स्प्रिंग ५५ मिमी दबते. म्हणजे सीट जवळपास ९ अंश कलते. ११० मिमी व्यासावर ९ अंश म्हणजे दोन कडांमध्ये साधारण साडेसतरा मिमीचा फरक, मध्यापासून दोन्हीकडे पावणेनऊ-पावणेनऊ. मध्यावर साडेनऊ शिल्लक, त्यातून पावणेनऊ गेले, बंपरकडे उरलं पाऊण मिलिमीटर. आणि हे जॅकवरचं, शांतपणे मोजलेलं. वेगात आदळताना बंप स्टॉप आणखी दबतो, पाऊण मिमी कुठल्या कुठे जातं. नाकाकडचे अठरा मिमी चार फटींत वाटा, फटीमागे साडेचार येतात. क्ले तेवढीच उरली होती! हा हिशेब जुळला तेव्हा मी एकटाच गॅरेजमध्ये मोठ्याने हसलो.

वेढे टेकले की त्या क्षणापुरती स्प्रिंग उरत नाही. झटका थेट बॉडीतल्या सीटला आणि टायरला. सरळ रस्त्यावर नुसता आवाज येतो, वळणात असताना झालं तर मागचं चाक रस्ता सोडेल. त्यामुळे "थोडा आवाज आहे, चालवून घे" हा सल्ला आता बाद.

मूळच्या स्प्रिंगला हा त्रास का नव्हता? पूर्ण बंपची जागा स्प्रिंग ठरवत नाही, बंप स्टॉप ठरवतो. किटबरोबर आखूड बंप स्टॉप आला होता, खाली बसवलेल्या गाडीला चाल मिळावी म्हणून. चाल मिळाली खरी, पण चाक मूळच्यापेक्षा वर जायला लागलं आणि तिथे जाड तारेची, जास्त वेढ्यांची स्प्रिंग वाट बघत बसलेली. विक्रेत्याला मी सॉलिड हाइट विचारली होती. उत्तर आलं, "सगळ्या व्हेरियंटना बसते." तारेचा व्यास विचारला, तर डब्याचा फोटो आला. माझं मत आता पक्कं झालंय: जो फक्त 'किती मिमी ड्रॉप' एवढंच सांगतो त्याच्याकडून स्प्रिंग घ्यायची नाही. रेसिंग स्प्रिंगांच्या कॅटलॉगमध्ये, आयबाखचंच घ्या, ब्लॉक हाइट, म्हणजे सॉलिड हाइटच, सरळ छापलेली असते. रस्त्यावरच्या किटलाही ती छापायला काय हरकत आहे?

आता उपाय. पहिला विचार होता बंप स्टॉपवर १० मिमीचा पॅकर, म्हणजे जाडी वाढवणारी चकती. शॉकअप स्प्रिंगच्या मागे असल्यामुळे तिथले १० म्हणजे स्प्रिंगपाशी साधारण ८ मिमी. कलही सव्वा अंशाने कमी होतो. बंपरकडची फट पाऊणवरून दहाच्या आसपास जाते. पॅकर लेथवर टर्न करायला देणारही होतो.

मग लिहिता लिहिता दुसरंच सुचलं: खालच्या सीटखाली पाचरीच्या आकाराचा रबर पॅड घातला तर? सीट नेहमीच्या उंचीला समांतर ठेवण्यापेक्षा पूर्ण बंपला समांतर होऊ दे. तिरकेपणा नेहमीच्या उंचीला राहील, तिथे फटी भरपूर आहेत. दिसायला देखणी कल्पना. कागदावर मांडली आणि मेली. पाचर नाकाकडे जाड ठेवावी लागणार, बंपरकडे शून्य. म्हणजे बंपरकडची पाऊण मिमी फट तशीच राहते आणि नाकाकडचीही आता पाऊण होते! पाचर भरून फट मिळत नाही, कुठून तरी लोखंड कमी केलं तरच मिळते. ज्यांच्या डोक्यात हीच कल्पना घोळत असेल त्यांनी पॅड कापण्याआधी थांबावं.

"एक वेढा काप" असंही सुचवलं गेलंय. गणिताने बाइंड टळतो, खोटं नाही, तारेएवढी सॉलिड हाइट कमी होते. पण गाडी आणखी खाली बसते, टोक सीटमध्ये नीट बसत नाही आणि ड्रूपला स्प्रिंग सैल पडते. माझ्या गाडीवर नाही.

लोखंड कमी करायचं तर स्प्रिंगच बदलायची. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. ११ ऐवजी ११.५ तार म्हणजे जवळपास १९ टक्के जास्त कडक. चालत्या वेढ्यांच्या तो व्यस्त प्रमाणात. "चांगलं स्टील म्हणजे कडक स्प्रिंग" हा समज सोडून द्या. सगळ्या स्प्रिंग स्टीलचा शिअर मॉड्युलस (पिळाला होणाऱ्या विरोधाचं माप) जवळपास सारखाच, ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या घरात. क्रोम-सिलिकॉनसारख्या स्टीलचा फायदा असा की ते जास्त ताण सोसतं, म्हणून तेवढ्याच भाराला बारीक तार आणि कमी वेढे चालतात. सॉलिड हाइट तिथे वाचते.

मी मांडलेली लिनिअर (कडकपणा कायम एकच असणारी) स्प्रिंग अशी: तार ११, सरासरी व्यास ११०, चालते वेढे ५, एकूण साडेसहा. कडकपणा २१.७ न्यूटन प्रति मिमी. सॉलिड हाइट ११ × ७.५ = ८२.५. नेहमीच्या उंचीला स्प्रिंगवर ३,००० न्यूटन येतात, तेवढ्यात ती १३८ मिमी दबते. म्हणून मोकळी लांबी ३०६, गाडी आत्ता आहे त्याच उंचीला. पूर्ण बंपला ११३, म्हणजे मध्यावर ३०.५ शिल्लक, बंपरकडे जवळपास २२. थंड गुंडाळलेल्या स्प्रिंगसाठी ईएन १३९०६-१ या युरोपीय मानकामध्ये फटींच्या किमान बेरजेचं सूत्र आहे, ते इथे पावणेचौदा मिमी देतं. सतत हलणाऱ्या भारासाठी दीडपट, म्हणजे साधारण २०.६. वाईट कडेलाही त्याच्या वर आहोत. काठावर, पण वर.

एक खटकतंय. प्रोग्रेसिव्ह शेवटच्या टप्प्यात ३२ न्यूटन प्रति मिमीपर्यंत चढते, ही २१.७ वरच राहणार. म्हणजे भरलेली गाडी बंप स्टॉपवर जास्त वेळा जाणार. आणि हे लिहिताना लक्षात आलं की पॅकर टर्न करायचीच गरज नाही. मूळचा लांब बंप स्टॉप डब्यात पडून आहे. तो मऊ आहे, लवकर लागतो आणि हळूहळू कडक होत जातो. लिनिअर स्प्रिंगबरोबर हवं तेच. पॅकर रद्द. मूळचा स्टॉप आजच परत चढवतोय, आत्ताच्याच प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगसकट, म्हणजे नवी येईपर्यंत बाइंडही टळेल. मागे माणसं बसली की गाडी स्टॉपवर टेकलेली राहील, हादरे बसतील, ते चालवून घेऊ.

स्प्रिंग गुंडाळणाऱ्याकडे ड्रॉइंग गेलंय. त्यावर तारेचा व्यास, एकूण आणि चालते वेढे, टोकांचा प्रकार लिहिलाय. शिवाय, मोकळी लांबी मोजण्याआधी स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत काही वेळा दाबायची, असं ठळक अक्षरांत. हे केलं नाही तर गाडीवर चढल्यावर बसते आणि मग उंची कुठे गेली ते शोधत फिरा. टोकं घासून घेतली तर आणखी ११ मिमी वाचतात, पण मग सीटमधली खाच भरून काढावी लागेल. त्यावर अजून ठरलेलं नाही. टॉर्शन बीमवर घासलेल्या टोकांची स्प्रिंग कुणी चालवत असेल, तर सीटला काय केलंत तेवढं कळवा, आणि जमल्यास बंपरकडच्या फटीचा फोटोही टाका.