वर जायचं म्हणून नखं कापली

पप्पांना इस्रायलमधल्या लोदच्या दफनभूमीत ठेवून सात महिने झाले होते. भाचा म्हणाला, "मामा, एकदा वर येता का माझ्याबरोबर?"

वर म्हणजे जेरुसलेमला, हर हबाइतवर. आम्हा ज्यूंचं मंदिर होतं तो डोंगर. रोमनांनी ते इसवी सन ७० मध्ये पाडलं. आज तिथं अल-अक्सा मशीद आहे, सोनेरी घुमट आहे, आणि मुसलमानांसाठी ती हरम अल-शरीफ आहे. आम्हाला तिथं बघायला जाता येतं, पण प्रार्थना करायची नाही अशी जुनी ठरलेली व्यवस्था आहे. त्या जागेवरून काय काय होतं ते वर्तमानपत्रात रोज येतंच, त्यात मी शिरत नाही. मला एवढंच माहीत होतं की पप्पा वीस वर्षं या देशात राहिले आणि खाली, आम्ही प्रार्थना करतो त्या पश्चिमेच्या भिंतीपाशी उभं राहून परत आले. वर कधी गेले नाहीत.

आई म्हणाली, "देवाच्या घरात पाय टाकायचा तर आधी विचार कुणाला तरी."

विचारलं. आमच्या गल्लीतल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, एका शब्दात नाही म्हटलं. मंदिराचा गाभा नेमका कुठं होता ते आज कुणी खात्रीनं सांगत नाही. विटाळ असताना तिथं पाय पडला तर 'कारेत', म्हणजे आपल्या लोकांतून तुटणं. फार मोठी शिक्षा. वर जायच्या वाटेवरची मुख्य रब्बीमंडळाची पाटीसुद्धा १९६७ पासून हेच सांगते. भाच्याच्या रब्बींचं मत वेगळं. त्यांच्या मते आजचा चौथरा हेरोद राजानं वाढवलेला, लांबीला साडेचारशे मीटरच्या वर, आणि मिश्नात, म्हणजे आमच्या नियमांच्या जुन्या ग्रंथात, पवित्र डोंगर सांगितलाय पाचशे हात बाय पाचशे हात. म्हणजे कडेकडेची जागा त्या चौकोनाबाहेरची. नीट तयारी करून कडेनं चाललं तर जाता येतं. आमचे थोर धर्मपंडित रामबाम ११६५ मध्ये जेरुसलेमला आले आणि त्या 'महान आणि पवित्र घरात' प्रार्थना केल्याचं त्यांनी स्वतः लिहिलंय, हेही भाच्याच्या रब्बींनी सांगितलं. 'घर' म्हणजे नक्की कुठली जागा यावरही वाद आहेच. आमच्याकडे वाद नाही अशी गोष्ट सापडणं कठीण.

मी त्यांना माझं खरं दुखणं विचारलं. "मी पप्पांना खांदा दिला, हातानं माती लोटली. माझा विटाळ कसा जाणार?"

ते हसले. "तुझा एकट्याचा नाही, आपल्या सगळ्यांचाच. कुणी दफनभूमीत गेलाय, कुणी इस्पितळात मेलेल्या माणसासोबत एका छपराखाली होता."

मृताचा विटाळ पाण्यानं जात नाही. त्याला लाल गाईची राख लागते. गाय अशी की दोन केससुद्धा दुसऱ्या रंगाचे नकोत आणि मानेवर कधी जू चढलेलं नको. ती राख झऱ्याच्या पाण्यात घालून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडायची. आणि गंमत म्हणजे जो ती राख तयार करतो तो स्वतः विटाळतो. २०२२ मध्ये टेक्सासहून पाच लाल गाई इथं विमानानं आणल्या, पण राख अजून कुणाकडे नाही. म्हणून मंदिराच्या आतल्या अंगणाच्या जागी कुणीच जायचं नाही. मात्र बाहेरच्या डोंगरावर मृताचा विटाळ चालतो. आमच्या लोकांना मिसरातून बाहेर काढताना मोशेनं पूर्वज योसेफच्या अस्थी आपल्याच छावणीत, देवाची सेवा करणाऱ्या लेवींच्या छावणीत ठेवल्या होत्या, आणि हा डोंगर त्या छावणीसारखा धरतात, हा त्याचा आधार. हे ऐकून मला फार हलकं वाटलं. बाकीचे विटाळ, म्हणजे शरीरातून होणारे, ते मिकवेत, म्हणजे शुद्धीच्या कुंडात, बुडी मारून जातात.

विटाळ हा शब्द वापरताना मी अडखळतो. ठाण्याच्या चाळीत त्याला जातीचा वास होता. आमच्या 'तुमा'त, म्हणजे आमच्या विटाळात, माणसाची जात नसते, घडलेली गोष्ट असते. असं मी भाच्याला अभिमानानं सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, परक्यांना मनाई होतीच की." ज्यू नसताना मंदिराच्या कठड्यापलीकडे गेलास तर मरणाला तूच जबाबदार, असं ग्रीकमध्ये कोरलेली शिळा १८७१ मध्ये सापडली, ती आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मी गप्प बसलो.

डिसेंबर होता, पहाटे पाऊस. मिकवेचं पाणी मुळात पावसाचंच लागतं, आपोआप साठलेलं, जुन्या मापानं चाळीस सेआ. त्याचे लिटर कुणी सव्वातीनशे काढतात, कुणी पावणेसहाशे. आपण उतरतो ते पाणी नळाचं, गरम केलेलं, पण भिंतीतल्या भोकातून पावसाच्या टाकीला भिडलेलं. भोकात दोन बोटं घालून फिरवता आली पाहिजेत, एवढं मोठं. मी ते वाकून बघितलं, बोटं मात्र घातली नाहीत.

आधी आंघोळ. अंग आणि पाणी यांच्यामध्ये काहीही नको. नखं कापली, नखाखालचा मळ काडीनं काढला, दातातलं अडकलेलं काढलं, केस विंचरले. अंगठी साबण लावून निघाली. अंगठ्यावरची पट्टी सोलली तर तिचा चिकटा राहिला. तो तेलानं घासत दहा मिनिटं गेली आणि बाहेरचा म्हातारा दार ठोठावायला लागला. मग सात पायऱ्या उतरलो आणि पूर्ण बुडालो. डोक्याचा एक केस वर तरंगला तरी फुकट. आजी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर म्हणायची, समुद्र म्हणजे देवानं बांधलेली मिकवे. तिला हा साबणाचा वास आवडला नसता.

मिश्ना सांगते, डोंगरावर काठी, जोडा, पैशांचा कमरपट्टा आणि पायावरची धूळ घेऊन जायचं नाही, आणि जवळची वाट म्हणून तो ओलांडायचा नाही. जोडा म्हणजे चामड्याचा, असा अर्थ लावतात. मी कापडी बूट घातले, पाकीट गाडीत ठेवलं, फक्त ओळखपत्र खिशात.

गाडीत भाच्यानं आणखी एक सांगितलं. मंदिर होतं तेव्हा डोंगरावर येणारा उजवीकडे वळून फेरी घालायचा. ज्याच्या घरात मृत्यू झालाय तो डावीकडून, उलटा यायचा. समोरून येणारे विचारायचे, "डावीकडून का?" तो म्हणायचा, "मी शोकात आहे." मग ते म्हणायचे, "या घरात जो वसतो तो तुझं सांत्वन करो."

वर जायचा मुग्राबी दरवाजाचा लाकडी पूल, त्याआधी रब्बीमंडळाची ती पाटी. मी ती पूर्ण वाचली. भाचा थांबला, काही बोलला नाही. मग आम्ही चढलो.

वर पोहोचताच मी पोलिसाला विचारलं, डावीकडून जाता येईल का. "का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मी शोकात आहे." त्यानं हातानं उजवीकडे दाखवलं. घोळक्याबरोबरच चालायचं.

चाललो. घुमटाच्या उंच चौथऱ्याकडे कुणी फिरकलं नाही. कडेनं, झाडांखालून, ओल्या फरशीवरून. पूर्वेच्या बाजूला भाचा माझ्या अगदी जवळ आला आणि ओठ न हलवता ते वाक्य म्हणाला, 'तुझं'ऐवजी 'तुमचं' घालून.

घरी आल्यावर आईनं पहिलं विचारलं, "चपला कुठं काढल्या?"

"काढल्या नाहीत. कापडी बूट चालतात."

"देवाच्या दारात बूट घालून?" तिनं चहाचं भांडं खाली ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाली, "पप्पांना सांगू नकोस."