पुरातला शंभर रुपये किलो टोमॅटो

२०१९ च्या ऑगस्टमधे घरी सत्यनारायण होता म्हणून दोन दिवसांसाठी सांगलीला आलो आणि अडकलो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता तेही गप्प झाले. गणपती पेठ, मारुती चौक सगळं पाण्यात. आमचं किराणा दुकान विश्रामबागेत, थोडं उंचावर, त्यामुळं वाचलं. लाईट नव्हती, कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद, ट्रकच्या ट्रक रस्त्यात उभे, आणि दुकानासमोर सकाळी सहापासून लाईन.

इलेक्ट्रॉनिक काट्याची बॅटरी दुसऱ्या दिवशीच बसली. आण्णांनी माळ्यावरनं जुना तराजू काढला, पारडी पुसली, आणि लोखंडी वजनांवर मोजायला सुरुवात केली. तेलाला कुणी किटली आणली की आधी रिकाम्या किटलीचा धडा करायचे, दुसऱ्या पारड्यात छोटी वजनं टाकून काटा मधे आणायचे, गिऱ्हाईकाला दाखवायचे आणि मगच तेल ओतायचे. मागं पन्नास माणसं ताटकळत उभी असताना. मी म्हटलं आण्णा राहू दे की, अंदाजानं द्या, कोण बघतंय. ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "कोण बघत नाही तेव्हाच धडा करायचा असतो."

साखर, तांदूळ, डाळ एका घराला एकच किलो, भाव नेहमीचाच. मला तेव्हा वाटलं की बास, प्रामाणिक धंदा म्हणजे हाच.

मग तिसऱ्या दिवशी मिरजेच्या पलीकडनं एक टेम्पोवाला भाजी घेऊन आला. टोमॅटो शंभर रुपये किलो. चौकात लोकांनी त्याला नको नको ते ऐकवलं, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हणाले, आणि खरं सांगतो, त्यात माझाही आवाज मोठा होता. घरी येऊन आण्णांना सांगितलं, मला वाटलं ते पण चिडतील. ते म्हणाले, त्याला डिझेल कुठनं मिळालं विचारलंस का? पंपावर किती तास थांबला? वाटेत पाणी वाढलं असतं तर टेम्पो आणि माल दोन्ही गेलं असतं, ते कुणी भरून दिलं असतं? तो आला नसता तर टोमॅटो स्वस्त मिळाला असता का? मिळालाच नसता.

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. पण पुढं जे झालं ते डोळ्यानं पाहिलं. शंभरला विकला जातोय म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तीन टेम्पो आले आणि भाव साठवर आला, त्याच्या पुढच्या दिवशी चाळीस. कुणी कुणाला समजावलं नव्हतं, माणुसकीवर भाषण दिलं नव्हतं. त्या पहिल्या माणसानं ज्या भावानं विकला तोच भाव बाकीच्यांना बोलावणं होतं.

त्याच चौकात दुसरा एक दुकानदार होता (नाव लिहीत नाही, लिहायचं कारणही नाही). त्याच्याकडं मेणबत्त्यांची पाकिटं पुराच्या आधीपासून पडून होती. त्यानं छापील किमतीच्या तिप्पट घेतले. एमआरपीच्या वर घेणं कायद्यानं गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी मला त्याचा राग आजही आहे. त्यानं कुठनं काही आणलं नाही, जोखीम घेतली नाही, समोरच्याच्या घरात अंधार आहे एवढंच त्याचं भांडवल. बाहेरनं बघणाऱ्याला दोघांनी जास्तच पैसे घेतले असं दिसतं, आणि आपण दोघांना एकाच शिवीत बसवतो. मला वाटतं आपल्याकडं धंद्याबद्दल जो संशय आहे ना, नफा म्हणजे कुणाच्या तरी खिशातनं काढलेलं, तो इथनं येतो, आणणारा आणि अडवणारा यातला फरकच आपण करत नाही.

साठवण्याचं पण तेच. हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं असायची, माणूस आत उतरेल एवढे खड्डे, वर्षानुवर्षं हळद टिकायची. हंगामात सगळी हळद एकदम येते आणि खाणारे वर्षभर खातात, मग मधले महिने ती कुणीतरी सांभाळायला नको? ती सांभाळणं म्हणजे काम आहे, त्याचे पैसे घेण्यात लाज कसली. पण तीच हळद टंचाई पाडायला म्हणून दडवली की ते दुसरंच काहीतरी झालं. पेव तेच, हळद तीच.

एक गोष्ट मात्र मला अजून सतावते. ज्याच्याकडं शंभर रुपये नव्हते त्याचं काय? पाणी आल्यावर रोजंदारी बंद, घर बंद, त्याला पुढचे तीन टेम्पो येईपर्यंत थांब म्हणणं सोपं नाही, आणि यावर माझ्याकडं धड उत्तर नाही. आण्णांनी वही काढली होती. ज्यांना द्यायला पैसे नव्हते त्यांची नावं लिहून घेतली आणि माल दिला, व्याज नाही. मी त्याला दान म्हटलं तर रागावले. दान नाही, उधारी आहे, तो देणार आहे, त्याला भिकारी करू नकोस म्हणाले.

गणपती पेठेत आण्णांचे एक जुने मित्र आहेत, त्यांचंही दुकान. त्यांची सगळी खातेवही पाण्यात गेली, शाई उतरून पानं नुसती निळी. कुणाकडं किती बाकी काही कळायचा मार्ग नाही. दिवाळीला पाडव्याच्या दिवशी आम्ही त्यांच्याकडं वहीपूजनाला गेलो तेव्हा नवी कोरी वही, शुभ-लाभ लिहिलेली, समोर ठेवली होती आणि ते लोकांनी सांगितलेले आकडे तिच्यात लिहीत होते. सगळे आले नाहीत. पण येत होते. एक बाई आल्या, पदराच्या गाठीतनं नोटा काढल्या आणि म्हणाल्या, भाऊ, तेराशे चाळीस होते माझे, तुमच्या वहीत नसतील आता, मी घरी कॅलेंडरवर लिहिले होते. त्यांनी पैसे मोजून घेतले, तेराशे चाळीस लिहिले, समोर जमा केले, आणि सवयीनं विचारलं, "ताई, आज काय देऊ?"