तीनदा परत आलेला त्रिकोण

छायाचित्रणाच्या सायंवर्गात व्यक्तिचित्रासाठी चार प्रकाशयोजना करून दाखवायच्या होत्या. बटरफ्लाय (नाकाखाली फुलपाखरासारखी सावली), लूप (नाकाची छोटी, सुटी सावली गालावर) आणि स्प्लिट (अर्धा चेहरा अंधारात) या तीन मी एका रविवारी उरकल्या; चौथ्या रेम्ब्रांटपायी मात्र महिना गेला. छायाचित्र तीनदा परत आले आणि तिन्ही वेळा मागे लाल शाईत एवढेच लिहिलेले होते : "त्रिकोण नाही. पुन्हा करा." तो का नाही, हे सांगण्याची तसदी वर्गात कोणी घेतली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याच्या व्यक्तिचित्रांवरून हे नाव पडले. यात दिव्यापलीकडच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा उलटा त्रिकोण उमटावा लागतो. तो डोळ्याहून रुंद किंवा नाकाहून लांब नसावा. नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळाली तरच तो पुरा होतो, नाहीतर ते लूपच राहते. पहिल्यांदा माझे तेच झाले. दुसऱ्यांदा मामंजींना खुर्चीवर बसवून मी दिवा बाजूला सरकवत राहिले, तेव्हा पलीकडचा डोळाच अंधारात गेला आणि चक्क स्प्लिट झाले. दिवा सुमारे ४५ अंश बाजूला हवा तसा तेवढाच वरही हवा, आणि आमच्या खोलीत पोटमाळ्यामुळे दिव्याची छत्री (उजेड मऊ करणारी) साडेपाच फुटांच्या वर जातच नव्हती. "सूनबाई, दिवा वर जात नसेल तर मीच खाली बसतो की," असे म्हणून मामंजी पाटावर बसले, आणि नाकाची सावली तिरकी उतरून गालाला टेकली.

तरीही ते तिसऱ्यांदा परत आलेच, कारण सावलीकडची पांढरी भिंत उजेड परतवून त्रिकोण पुसट करत होती. तिथे काळी घोंगडी टांगल्यावर तो उठून दिसला. पुढे सावली फारच गडद वाटली, म्हणून थर्माकोलचा तुकडा चार फुटांवर धरून थोडासा फिल, म्हणजे सावलीत परतवलेला उजेड, दिला.

आधीच सांगायला हवे होते : खोलीतली ट्यूबलाइट बंद ठेवावी आणि सावलीतल्या डोळ्यातही दिव्याची चमक दिसते ना, ते पाहावे. छत्री तीन फुटांवरून सहा फुटांवर नेली, तर उजेड जवळजवळ चौथाईवर येतो आणि सावलीच्या कडाही कडक होतात, म्हणून ती जवळच बरी.

चौथ्यांदा छायाचित्रामागे फक्त बरोबरची खूण होती. शब्द तेव्हाही खर्चला नव्हता.