अमळनेरची सव्वासहा मीटरची रेघ

डिसेंबरातल्या एका सकाळी जळगावला सुरतेकडची पॅसेंजर पकडली आणि खिडकीची जागा धरली. एसटीने लवकर पोचलो असतो, पण अमळनेरला जायचं तर मला याच मार्गाने जायचं होतं. बास्केटबॉलच्या जिल्हा स्पर्धा खेळून आम्ही पोरं याच गाडीने घरी यायचो.

पाळधी गेलं, चावलखेडे गेलं. दोन्ही बाजूंना काळी माती, कापसाच्या पळाट्या, मधूनच केळीचा हिरवागार पट्टा. धरणगावला मी उतरून फलाटावर उभा राहिलो. हे बालकवींचं गाव. आमच्यासाठी मात्र ते क्रॉसिंगचं स्टेशन होतं. तेव्हा इथे एकेरी मार्ग होता. समोरून मालगाडी यायची असली की आमची गाडी अर्धा-अर्धा तास उभी. मग बॅगेतून चेंडू निघायचा आणि फलाटावर ड्रिबलिंग सुरू. शहाबादी फरशीवर टप्पा इतका सरळ यायचा, की आम्हाला नवल वाटायचं. आमच्या मैदानावर खडा लागला की चेंडू कुठे जाईल याचा नेम नसे. आता मार्ग दुहेरी झालाय. गाडी दोन मिनिटांत हलली.

आमचं मैदान मुरमाचं. सामन्याच्या आदल्या दिवशी टाकीवरून बादल्या आणून पाणी मारायचं, रोलर ओढायचा, सकाळी फक्कीने रेघा. बोर्ड लाकडी फळ्यांचा, रिंगला जाळी नाही. त्यामुळे चेंडू रिंगमधून गेला की बाहेरून, यावर भांडणं ठरलेली. चामड्याचा चेंडू एकच. तो सामन्यापुरता निघायचा आणि धुळीने त्याचे दाणे झिजून पार गुळगुळीत झाले होते. सरावाला रबरी.

१९८५ च्या दिवाळीनंतर सर बाहेरगावच्या शिबिरातून आले ते एक सायक्लोस्टाइल केलेली नियमांची पुस्तिका घेऊन. आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८४ मध्ये नवा नियम आणला होता : सव्वासहा मीटरच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण. आम्ही ते तीनदा वाचून घेतलं. लांबून टाकणं म्हणजे आमच्याकडे आगाऊपणा समजला जाई. चेंडू आत दे, सेंटरकडे, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूकडे दे, ही शिकवण. आणि आता लांबून टाकलं तर एक गुण जास्त!

त्याच संध्याकाळी रेघ आखली. रिंग दहा फुटांवर. शिडी लावून मी वर चढलो, रिंगवर काठी आडवी ठेवली आणि तिच्या बरोबर मध्यातून गवंड्याकडून आणलेला ओळंबा खाली सोडला. तो स्थिरावायला वेळ लागला. वारा होता. सर खाली गुडघ्यावर बसून, हाताचा आडोसा करून, "हलू नको, हलू नको" म्हणत होते. ओळंब्याचं टोक टेकलं तिथे खुंटी ठोकली. तिला सुतळी बांधून टेपने सव्वासहा मीटर मोजले, तिथे गाठ मारली. मग आमचा सेंटर, संघातला सगळ्यात उंच पोरगा, सुतळी ताणून अर्धगोल फिरला आणि त्याच्या मागोमाग मी मुठीतून फक्की सोडत गेलो. अंधार पडत आला होता. ती पांढरी कमान त्या मातीवर इतकी देखणी दिसत होती, की कुणी तिच्यावर पाय द्यायला तयार होईना.

सर आम्हाला १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकबद्दल सांगायचे. बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला म्हणून भारताला जागा मिळाली, आणि आपण सगळे सामने हरलो. सरांना त्या हरण्याचं काही वाटत नसे. आपली माणसं तिथे उतरली, हे ते छातीवर हात ठेवून सांगत. त्यानंतर आपला पुरुषांचा संघ ऑलिम्पिकला गेलेला नाही. पुढे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधला अमेरिकन संघ टीव्हीवर पाहिला, केबल आली, आणि १५ जून १९९८ च्या पहाटे जळगावात मित्राच्या खोलीवर आम्ही सहा जण मायकेल जॉर्डनचा शिकागो बुल्सकडून शेवटचा सामना बघत होतो. समोरचा युटाचा संघ एका गुणाने पुढे. युटाच्या मलोनच्या हातातला चेंडू जॉर्डनने मागून येऊन काढून घेतला आणि ५.२ सेकंद उरले असताना बास्केट केली. ८७-८६. आम्ही इतके ओरडलो की खालचे घरमालक वर आले.

अमळनेर आलं. स्टेशनबाहेर आमचा तो सेंटर उभा होता. केस पांढरे, उंची तेवढीच. "कवय उना भाऊ?" म्हणत त्याने मिठी मारली. घरी भरीत आणि कळण्याची भाकरी झाली, आणि ऊन कलल्यावर आम्ही बोरी नदीच्या पुलावरून मैदानाकडे निघालो.

मुरूम गेलाय. सिमेंटचं कोर्ट, काचेसारखे पारदर्शक बोर्ड, रिंगला जाळी. पोरंपोरी एकत्र खेळत होती. बोर्ड मात्र त्याच टोकाला. २०१० पासून तीन गुणांची रेघ पावणेसात मीटरवर गेली, तीच निळ्या रंगात आखलेली. आमची रेघ तिच्या आत अर्धा मीटर. मित्र काही न बोलता रिंगखाली जाऊन उभा राहिला, जिथे खुंटी होती तिथे, आणि सुतळी धरल्यासारखा हात माझ्याकडे लांब केला. मी मागे सरकत गेलो. "बस," तो म्हणाला.

एका मुलीने चेंडू दिला. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आला. दुसरा गेला. जाळीचा आवाज झाला.

"दोनच हं काका," गुण मोजणारा मुलगा म्हणाला. "पाय रेघेच्या आत आहे."

मी अर्धा मीटर मागे सरकलो आणि चेंडू पुन्हा मागितला.