फळी, पट्टी आणि २०१६चं हिमवादळ

२३ जानेवारी २०२५, गुरुवार

सकाळपासून आमच्या चौघांच्या गटात फोन वाजतोय. परवा मंगळवारी न्यू ऑर्लिन्सला ८ इंच बर्फ पडला. फ्लोरिडातल्या मिल्टनला ९.८ इंच! त्याच मिल्टनचा १९५४ सालचा ४ इंचांचा आकडा इतकी वर्षं फ्लोरिडाचा विक्रम म्हणून टिकून होता. लुईझियानाच्या किनाऱ्यासाठी हिमवादळाचा इशारा निघाला, तोही इतिहासात पहिल्यांदा. मेक्सिकोच्या आखाताच्या वाळूवर बर्फाचे ढीग बघून आम्ही सगळेच हरखलो होतो. पण आज तारीख २३ जानेवारी. दुपारपर्यंत बोलणं आपसूक २०१६वर, याच तारखेला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला झोडपणाऱ्या हिमवादळावर आलं. दर वर्षी येतंच.

आम्ही चौघं नात्यातले नाही. हवामानाच्या वेडाने एकत्र आलो आणि मग सुटलोच नाही. ताई उत्तर व्हर्जिनियात, डलस विमानतळापासून फार लांब नाही. काका बाल्टिमोरच्या दक्षिणेला. मी न्यू जर्सीत. आणि सगळ्यात धाकटा ऑल्बनीला, त्याला आम्ही बाळ म्हणतो आणि तो चिडत नाही. चौघांच्याही अंगणात पर्जन्यमापक आहे, बर्फ मोजायची पांढरी फळी आहे आणि एक वही आहे. त्या एकाच वादळाच्या चार वह्या आमच्याकडे आहेत, आणि त्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

आधी तो आठवडा लिहून ठेवते. तो हिवाळा बलाढ्य एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागर तापलेल्या वर्षाचा होता. २०१५च्या २४ डिसेंबरला न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ७२ अंश फॅरेनहाइट तापमान होतं. नाताळच्या आदल्या दिवशी लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत फिरत होते. काकांनी तेव्हाच लिहिलं होतं, की या वर्षी थंडी उशिरा येईल पण दक्षिणेकडून भरपूर पाणी घेऊन येईल. जानेवारीच्या मध्यावर हवामानाचा अंदाज देणारी संगणकी मॉडेलं एकसुरात बोलायला लागली: आखातातून निघालेलं कमी दाबाचं क्षेत्र कॅरोलायनापाशी किनाऱ्यावर येणार, कोमट समुद्रावर जोर धरणार, आणि उत्तरेला ठाण मांडून बसलेली थंड, जड हवा त्याला सहजी जागा देणार नाही. आठवडाभर आधी अमेरिकन आणि युरोपियन मॉडेलांचं इतकं जुळणं मी क्वचितच पाहिलंय.

तरीही न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडच्या आम्हा लोकांच्या मनात धाकधूक होती. बरोबर एक वर्ष आधी, जानेवारी २०१५मध्ये, न्यू यॉर्क शहराला दोन-अडीच फुटांचा अंदाज होता आणि सेंट्रल पार्कला पडला ९.८ इंच. बर्फाचा दाट पट्टा थोडा पूर्वेला सरकला, लाँग आयलंडवर आयस्लिपला २४.९ इंच ओतून गेला. अंदाज देणाऱ्या एका वरिष्ठ हवामानतज्ज्ञाने तेव्हा जाहीर माफी मागितली होती. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. वादळाची कड कुठे पडेल हे सांगणं हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तो नेमका कोट्यवधी लोकांच्या डोक्यावर येऊन पडतो.

२०१६मध्ये ती कड उत्तरेला होती. म्हणून न्यू यॉर्क शहरासाठीचे आकडे शुक्रवारपर्यंत जपूनच दिले जात होते, फूट-दीड फूट. शनिवारी सकाळी ते भराभर वाढवावे लागले.

ताईकडे सुरुवात शुक्रवारी दुपारी झाली. रात्री तिने बर्फातला गडगडाट ऐकला. हिमवर्षावात वीज कडाडते तेव्हा आवाज लांब जात नाही, पडणारा बर्फ तो गिळून टाकतो. म्हणजे ऐकू आली ती अगदी जवळची. तिची त्या रात्रीची नोंद अशी आहे: ‘१०.४०. गडगडाट. खिडकीचं तावदान थरथरलं. मी रडले.’ ती आज हे वाचून दाखवत होती तेव्हा फोनवर सगळे गप्प झाले होते.

माझ्याकडे पहाटे कधीतरी सुरू झाला आणि उजाडेपर्यंत रस्ता नाहीसा झाला होता. शनिवारी दुपारी बर्फाचा दाट पट्टा आमच्यावरच थांबला. रडारवर असे पट्टे उत्तरेकडे सरकताना दिसतात, मग एखादा एके ठिकाणी अडून बसतो. खालची उबदार, दमट हवा आणि थंड हवा यांची सीमा जिथे आवळली जाते तिथे हवा जोरात वर उचलली जाते. ती उणे १२ ते उणे १८ अंश सेल्सियसच्या थरातून जात असेल, तर तिथे सहा पाकळ्यांचे मोठे स्फटिक झपाट्याने वाढतात. आमच्या वाट्याला आलेले स्फटिक मात्र वाऱ्याने मोडलेले होते. बाहीवर पडलेले बघितले तर अखंड पाकळी क्वचितच दिसायची, नुसते तुकडे आणि चुरा. असा चुरा दाटून बसतो. भुरभुरीत बर्फासारखा फुगत नाही.

आणि इथेच मला जे आज लिहायचं आहे ते येतं.

बर्फ मोजणं म्हणजे पट्टी खुपसणं, असं लोकांना वाटतं. पण पडल्या क्षणापासून बर्फ दबायला लागतो. वारा त्याला एका भिंतीपाशी कमरेइतका रचतो आणि दुसरीकडे गवत उघडं पाडतो. म्हणून जमिनीच्या पातळीत, मोकळ्या पण आडोशाच्या जागी पांढरी फळी ठेवायची, ठरलेल्या वेळी तिच्यावरचा बर्फ इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचा, फळी साफ करायची आणि नव्या बर्फावर परत ठेवायची. सहा तासांच्या आत पुन्हा साफ करायची नाही. दर तासाला साफ केलीत, तर बर्फाला दबायला वेळच मिळत नाही आणि बेरीज फुगते. फळीशेजारी एक काठी रोवून ठेवायची, नाहीतर पुढच्या खेपेला फळी सापडणार नाही.

मग पाणी. पर्जन्यमापकाची आतली नळी आणि नरसाळं हिवाळ्यात काढून ठेवतात, बाहेरचं चार इंची नळकांडं तेवढं उरतं. पण चाळीस मैल वेगाच्या वाऱ्यात निम्मा बर्फ त्याच्या तोंडावरून उडून जातो. म्हणून ते नळकांडं उलटं करून फळीवरच्या बर्फात सरळ खाली दाबायचं, खालून पातळ पत्रा सरकवायचा आणि तो गोल गाभा घरात आणायचा. आतल्या नळीने कोमट पाणी मोजून ओतायचं, सगळं वितळू द्यायचं, परत मोजायचं, ओतलेलं वजा करायचं. शनिवारी रात्री मी हे करत होते तेव्हा गाभ्यात थर दिसले. खाली बारीक दाणेदार, मध्ये घट्ट, वर पुन्हा हलका. अख्खं वादळ त्या नळकांड्यात उभं होतं. सगळं मिळून पाणी दोन इंचांच्या जरा वर निघालं. ते वितळताना बघायचा आनंद मला कशातच मिळालेला नाही.

तर, आकडे. सेंट्रल पार्कला आधी २६.८ इंच जाहीर झाले. २००६चा विक्रम २६.९ होता. म्हणजे एक दशांश इंचाने हुकला! पुढे राष्ट्रीय हवामान सेवेने तज्ज्ञांचा गट नेमून मोठ्या केंद्रांची मोजणी तपासली. सेंट्रल पार्कचा आकडा कळवताना गडबड झाली होती असं निघालं आणि एप्रिलमध्ये तो २७.५ केला गेला. १८६९पासूनच्या नोंदींमध्ये तिथला सगळ्यात मोठा हिमवर्षाव, आणि तो निरोपाच्या घोटाळ्यात विक्रमाबाहेर राहिला होता. त्याच तपासात न्यूअर्क विमानतळाचा २८.१ इंचांचा आकडा ग्राह्य धरला गेला नाही, कारण मोजणी नियमांना धरून नव्हती. आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमानतळावर वादळाच्या ऐन भरात मोजायची फळीच बर्फाखाली गडप झाली. सापडेना. तिथला अधिकृत आकडा १७.८ इंच, तर थोड्याच मैलांवर डलसला २९.३ आणि काकांच्या बाजूला बाल्टिमोरच्या विमानतळावर २९.२, जो तिथला विक्रम आहे.

यावर काका आणि ताई यांचं आज पुन्हा वाजलं. काका म्हणाले, “अगं, तो आकडा वहीतून काढूनच टाकायला हवा. फळी हरवली म्हणजे मोजणी झालीच नाही.” ताई म्हणाली, “काका, तुम्ही रात्री दोन वाजता त्या वाऱ्यात धावपट्टीजवळ उभे होतात का? जे होते त्यांनी जमेल तितक्या जागी खोली घेतली. तो आकडा त्यांच्या मेहनतीचा आहे.”

मला विचाराल तर ताईचं खरं आहे. विमानतळ नदीकाठी, सखल आणि जरा उबदार जागी आहे, तिथे शुक्रवारी रात्री गारगोट्यांसारखे बर्फाचे दाणेही पडले. तिथे डलसपेक्षा कमीच पडणार. १७.८ थोडा कमी मोजला गेला असेलही, पण आकड्याबरोबर तो कसा मिळाला हे लिहिलेलं असेल तर शंभर वर्षांनी वाचणारा त्यातून वाट काढू शकतो. वॉशिंग्टनचा सगळ्यात मोठा आकडा १९२२चा, २८ इंच. ज्या वादळात निकरबॉकर थिएटरचं छत कोसळून ९८ माणसं गेली, तेच. तो आकडाही कुणीतरी पट्टी घेऊन बाहेर गेलं म्हणूनच आपल्याला माहीत आहे.

२०१६च्या वादळातही माणसं गेली, पन्नासच्या वर. काही बर्फ उपसताना हृदय बंद पडून, काही बर्फात अडकलेली गाडी चालू ठेवून आत बसल्यामुळे, कारण मागची नळी बर्फाने बुजली होती आणि विषारी वायू आत भरला. हे मी दर वर्षी वहीत पुन्हा लिहिते. त्या दोन दिवसांतला माझा आनंद खरा होता, आणि हेही खरं. न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला तर बर्फापेक्षा समुद्राने जास्त छळलं. त्या रात्री पौर्णिमा होती, भरती मोठी, त्यात ईशान्येचा वारा. केप मेच्या भागात काही ठिकाणी पाणी २०१२च्या सँडी वादळापेक्षाही वर चढलं. विक्रमांच्या यादीत बर्फाचे आकडे पाठ असणाऱ्यांना हे पटकन आठवत नाही.

आणि बाळ? त्याच्याकडे काहीच पडलं नाही. उत्तरेकडची कोरडी हवा खाली घुसत होती, वरून सुटलेले कण वाटेतच विरून जात होते. शनिवारी दुपारी आमच्याकडे समोरचं घर दिसत नव्हतं, न्यू यॉर्कमध्ये अडीचपासून रस्त्यांवर गाड्यांना बंदी होती, आणि ऑल्बनीत त्याच्या अंगणात पातळ ढगातून सूर्य दिसत होता. आम्ही तासातासाला फोटो पाठवत होतो. त्याने फळी पुसून ठेवली होती, काठी रोवली होती, आणि सहा-सहा तासांनी बाहेर जाऊन तो ०.० लिहीत होता. दक्षिणेच्या क्षितिजावर ढगांची कड कशी दिसते याचं त्याने केलेलं वर्णन मला आमच्या तिघांच्या सगळ्या नोंदींपेक्षा जास्त आवडतं: कडेला पांढरट, तंतू काढल्यासारखी, तिच्या मागे राखाडी भिंत, आणि ती भिंत दिवसभर एका जागी. वादळाची उत्तरेकडची हद्द डोळ्यांनी पाहिलेला आमच्यातला तो एकटाच.

मधल्या काळात आमचे हिवाळे रोडावले. २०२२-२३च्या पूर्ण मोसमात सेंट्रल पार्कला जेमतेम २.३ इंच. फेब्रुवारी २०२२नंतर एका दिवसात एक इंच पडायला जानेवारी २०२४ उजाडावा लागला, ७०१ दिवस मध्ये गेले. म्हणूनही असेल, २०१६च्या वह्या आता जास्त जपाव्याशा वाटतात. काकांची तर शाई पसरायला लागली आहे.

ताईने शेवटी काम वाटून दिलं. चारही वह्यांतल्या सहा-सहा तासांच्या नोंदी एका तक्त्यात आणायच्या: बर्फाची उंची, वितळलेलं पाणी, वाऱ्याची दिशा, आणि शेऱ्यांच्या रकान्यात जसंच्या तसं जे तेव्हा लिहिलं ते. काकांचे शब्द त्यांनी स्वतः वाचून दाखवायचे, मी टंकायचे. रविवारी सकाळी दहाला बसायचं ठरलंय. बाळने विचारलं, माझ्या शून्यांची वेगळी ओळ करायची का? काका म्हणाले, “सगळ्यात वर घाल. उत्तर वर असते.”